अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र: ढोल वाजवून झाले की जरा लायसन्सचंही बघा

उत्तर अमेरिकेतल्या तमाम मराठी मंडळांचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि फूड कमिटीवाले, सगळ्यांना नमस्कार.

सगळ्यांना एकदमच लिहितेय, कारण एकाच मंडळाचं नाव घेतलं की बाकीचे म्हणणार त्यांचं त्यांनी बघावं. आणि माझ्या मंडळाचं नाव मी मुद्दामच घेत नाहीये, राज्याचंही नाही. मला कुणाची तक्रार करायची नाहीये, एक काम सांगायचंय.

मी आत्ता दापोली तालुक्यात आमच्या घराच्या पडवीत बसलेय. बाहेर शिमग्याची गडबड, वाडीतली पोरं पालखीच्या वाटेवरचं गवत काढतायत, आंबा सुपारीएवढा झालाय, आणि मी डिसेंबरपासून इथे अडकलेय. आई अंगणात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून धावत आले. पासपोर्टातला व्हिसा जुना होता, स्टॅम्पिंगची, म्हणजे वकिलातीत नवा व्हिसा लावून घ्यायची, तारीख १८ डिसेंबर मिळालेली, म्हटलं पंधरा दिवसांत परत. मग १५ डिसेंबर २०२५ पासून एच-वन (नोकरीचा व्हिसा) आणि एच-फोरवाल्यांचीसुद्धा (एच-वनवाल्याचा नवरा किंवा बायको, मुलं) सोशल मीडिया तपासणी सुरू झाली आणि हजारो लोकांच्या तारखा पुढे ढकलल्या, त्यात माझी पण, आधी मार्च आणि आता मे. नवरा आणि नऊ वर्षांची लेक तिकडे. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर ती मला डब्यात काय नेलं ते दाखवते, बहुतेक वेळा चीज सँडविच असतं.

पण पत्र स्टॅम्पिंगबद्दल नाहीये. त्यावर व्हॉट्सअॅपवर भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय ते लायसन्सबद्दल, म्हणजे साध्या गाडी चालवायच्या लायसन्सबद्दल, ज्याचा व्हिसाशी काही संबंध असतो हे मला स्वतःला अमेरिकेत बारा वर्षं काढूनही नीट कळलेलं नव्हतं.

ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे किंवा जे सिटिझन झालेत (आणि मंडळाच्या कमिटीवर बहुतेक तेच असतात, हे टोमण्यासारखं वाटलं तर वाटू दे) त्यांना सांगते कसं असतं ते. २००५ साली तिकडे रियल आयडी कायदा झाला. अकरा सप्टेंबरच्या हल्लेखोरांकडे वेगवेगळ्या राज्यांची लायसन्सं आणि ओळखपत्रं होती, त्यातून तो आला. त्यात असं आहे की जो माणूस तात्पुरत्या स्टेटसवर आहे त्याचं रियल आयडी लायसन्स (केंद्र सरकार ओळखपत्र म्हणून मानतं ते) त्याच्या अधिकृत मुक्कामाच्या तारखेपलीकडे जाता कामा नये, आणि शेवटची तारीखच नसेल तर एक वर्ष. बऱ्याच राज्यांत तर दुसरं साधं लायसन्स मिळतच नाही, सगळ्यालाच स्टेटसचा कागद लागतो. म्हणजे तुमचं लायसन्स आठ वर्षांचं, माझं आय-९४ वर, म्हणजे तिकडे राहायच्या मुदतीच्या सरकारी नोंदीवर, जी तारीख असेल तिथपर्यंतचं. काउंटरवर ते तुमचा नंबर सेव्ह नावाच्या केंद्राच्या सिस्टिममध्ये टाकतात, तिथून हिरवा कंदील आला तर ठीक, नाहीतर पुढची तपासणी, थांबा. गाडी कशी चालवता याचा इथे काही संबंध नाही. बारा वर्षांत एक तिकीट नाही माझ्या नावावर, पार्किंगचं सोडलं तर.

आता २०२५ चा ऑगस्ट. नवऱ्याचं एच-वन आणि माझं एच-फोर, दोन्ही आय-९४ एकाच दिवशी संपणार, १८ ऑगस्टला. एक्स्टेन्शन वसंतातच भरलेलं, सहा महिन्यांच्या आधी भरताच येत नाही. नवऱ्याचं कंपनीने प्रीमियममध्ये, म्हणजे जादा फी भरून लवकर निकाल, असं टाकलं, पंधरा वर्किंग डेजच्या आत अप्रूव्ह होऊन आलं. माझ्या फॉर्मला प्रीमियमच नाही. पूर्वी काय व्हायचं, एका कोर्टकेसच्या तडजोडीमुळे नवरा-बायकोचे अर्ज एकत्र भरले तर एकत्रच बघायचे, नवऱ्याचं झालं की बायकोचंही त्याच आठवड्यात यायचं. ती तडजोड जानेवारी २०२३ ची होती, दोन वर्षांची, जानेवारी २०२५ ला संपली. कुणी सांगितलं आम्हाला? कुणीच नाही. मी आपली मे महिन्यापासून रोज सकाळी चहा टाकला की केस स्टेटस बघायची, जूनमध्ये तेच, जुलैत तेच.

तर एकाच घरातले आम्ही दोघं एकाच तारखेला मोटर व्हेईकलच्या ऑफिसात गेलो. त्याला नवीन लायसन्स, २०२८ पर्यंत. मला नाही.

काउंटरवरची बाई चांगली होती हो, तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही. मी तिला फाइल दाखवली, लग्नाचा दाखला, नवऱ्याचं अप्रूव्हल, माझ्या अर्जाची पावती. तिने पावती हातात घेतली, चष्मा वर केला आणि कागदावरच्या मोठ्या अक्षरातल्या एका ओळीवर नखाने दोनदा टकटक केलं. मी ती पावती वीसदा वाचली होती पण ती ओळ कधी वाचली नव्हती. त्यात लिहिलेलं असतं की या नोटिशीमुळे कुठलंही इमिग्रेशन स्टेटस किंवा लाभ मिळत नाही. नखाला केशरी नेलपॉलिश होतं, ते अजून डोळ्यासमोर आहे. म्हणाली, मी काय करू, तूच सांग. मला काही सांगता आलं नाही.

आणि गंमत बघा, मी तिथे राहत होते ते पूर्ण कायदेशीर होतं. अर्ज वेळेत भरलेला, त्यामुळे निर्णय येईपर्यंत राहायला परवानगी. एच-वनवाल्याला तर अर्ज पेंडिंग असताना २४० दिवस कामसुद्धा करता येतं, त्याच कंपनीत. म्हणजे माझं एक्स्टेन्शन अडकलं तर देशात राहा म्हणतात, पण गाडी चालवू नका. त्या देशात! आमच्या तिथून दूध आणायला जायचं तर पावणेतीन मैल, फुटपाथ पहिल्या सिग्नलपर्यंत, पुढे गवत आणि मग सहा लेनचा रस्ता. बस नाही. दापोलीहून हर्णैला मासळीच्या लिलावाला जायला दिवसभर एसटी मिळते, नाहीतर वडाप आहे, रिक्षा आहे, अगदीच काही नाही तर कुणाच्याही बाईकला हात करा, घेऊन जातात. तिथे हात कुणाला करणार?

पुढचं जरा तुमच्याबद्दल आहे, रागावू नका.

२७ ऑगस्टला गणपती होते. माझ्याकडे दरवर्षीप्रमाणे एकावन्न उकडीचे मोदक. लायसन्स संपून नऊ दिवस झालेले, नवरा नेमका कामाच्या ट्रिपवर. मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, माझं लायसन्स सध्या रिन्यू व्हायचंय, कुणी वाटेत पिकअप करेल का, मोदक आहेत सोबत. ग्रुपवर तीनशे चाळीस लोक. सतरा जणांनी मोदकाला हार्ट दिलं. एका ताईंचा पर्सनल मेसेज आला, अगं ऊबर करून ये ना, असे किती होतात. होतात की, जाऊन येऊन साठ डॉलर, आणि त्याच महिन्यात माझी नोकरी पण बंद झालेली होती, पण ते ग्रुपवर कसं लिहिणार? शेवटी शेजारची मेक्सिकन बाई घेऊन गेली, तिच्या पिकअप ट्रकमध्ये, मांडीवर मोदकपात्र आणि मागे लेक नऊवारीत. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही की लायसन्सला काय झालं. आरती होईपर्यंत बाहेर थांबली. मी म्हटलं आत ये, तर आली आणि नंतर दोन मोदक मागून घेतले नवऱ्यासाठी.

मला त्या ताईंचा राग नाही आला खरं तर. त्यांना वाटलं मी रिन्यू करायला विसरले. आपल्याकडे लायसन्स संपलं म्हणजे आळशीपणा, एवढंच डोक्यात येतं. आणि मीही खरं कुठे सांगितलं? स्टेटस पेंडिंग आहे म्हटलं की चारचौघांत नजर बदलते, ते आपण सगळे जाणतो. याला ग्रीन कार्ड मिळालं, तिचं पीईआरएम (ग्रीन कार्डची पहिली पायरी) परत पडलं, हे सगळं आपण हळू आवाजात, पोहे खाताना, दुसऱ्याबद्दल बोलतो.

नोकरीचं पण सांगून टाकते. एच-फोरच्या काही बायकांना काम करायची परवानगी २०१५ पासून मिळाली, तिला ईएडी म्हणतात. रिन्यूअल अडकलं तर आपोआप ५४० दिवसांची मुदत मिळायची असं ऐकून मी निश्चिंत होते. पण एच-फोरवाल्यांना ती आय-९४ च्या तारखेपर्यंतच, हे बारीक अक्षरात. आणि ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना तर ती सोयच काढून टाकली, निर्वासितांपासून ते आमच्यापर्यंत बहुतेक सगळ्यांची. म्हणजे यापुढे माझ्यासारख्या अजून निघणार. त्यांचं ईएडीही जाणार आणि लायसन्सही, एकाच तारखेला.

"चालव गं हळूहळू, कोण बघतंय" असं सांगणारेही भेटले. चार जण तरी. मी नाही चालवली. भित्री आहे म्हणा. काही राज्यांत व्हॅलिड लायसन्स नसताना पकडलं तर थेट अटक होऊ शकते, बोटांचे ठसे, आणि मग पुढच्या प्रत्येक फॉर्मवर ‘तुम्हाला कधी अटक झाली होती का’ याला हो लिहायचं. एप्रिल २०२५ मध्ये साध्या ट्रॅफिकच्या भानगडींवरून परदेशी विद्यार्थ्यांचे सेव्हिस रेकॉर्ड, म्हणजे त्यांच्या स्टेटसची सरकारी नोंद, बंद केल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या, नंतर कोर्टात आरडाओरडा झाल्यावर बऱ्याच जणांचे परत चालू केले ते वेगळं. आणि ठोकलीच कुणाला तर इन्शुरन्सवाले काय म्हणतील? दूध आणायला जाऊन मी ग्रीन कार्डची रांग सोडायची का? त्या रांगेत आमची बारा वर्षं गेलीत.

आता एक गोष्ट कबूल करते, ही लिहायला जड जातेय. २०१९ च्या डिसेंबरात न्यू जर्सीने कायदा केला की स्टेटसचा पुरावा न देता सुद्धा साधं, म्हणजे रियल आयडी नसलेलं लायसन्स मिळेल. न्यूयॉर्कने त्याच वर्षी केला, कॅलिफोर्नियात २०१५ पासून होतंच. तेव्हा आमच्याकडे नवीन वर्षाच्या पार्टीत यावर केवढी चर्चा! आम्ही इथे रांगेत उभे, टॅक्स भरतो, आणि मागच्या दाराने आलेल्यांना लायसन्स वाटतायत. मी पण त्यात होते. मी तर हसतसुद्धा होते, एक जण ‘बॉर्डर क्रॉस करा, लायसन्स मिळवा, वर एक टोस्टर फ्री’ असं काहीतरी म्हणाला होता त्याला.

गेल्या ऑगस्टमध्ये माझी कॉलेजची मैत्रीण न्यू जर्सीत अगदी माझ्याच परिस्थितीत होती. एच-फोर पेंडिंग, आय-९४ संपलेलं, दोन मुलं. ती गेली, साधं लायसन्स मागितलं, पासपोर्ट दिला, पत्त्याचे कागद दिले, घेऊन आली. स्टेटसचा कागद लागलाच नाही. एका सकाळचं काम. मला फोन करून म्हणाली, अगं तो कायदा आठवतो का, टोस्टरवाला? मी गप्प. ज्यांच्यासाठी तो केलाय म्हणून आम्ही नाकं मुरडली त्यांच्याच आंदोलनामुळे एका रत्नागिरीच्या ब्राह्मणाच्या पोरीची मुलं शाळेत वेळेवर पोचली. अशी एकोणीस राज्यं आहेत, वर राजधानी वॉशिंग्टन. आमचं राज्य त्यात नाही. आणि उलटीकडे जाणारी पण आहेत, फ्लोरिडाने २०२३ मध्ये कायदा करून टाकला की दुसऱ्या राज्याने खास बिनकागदाच्या लोकांसाठी दिलेलं लायसन्स आमच्याकडे चालणार नाही. म्हणजे एका राज्यात ड्रायव्हर, हद्द ओलांडली की गुन्हेगार.

ट्रकवाल्यांचं तर विचारूच नका. २०२५ च्या सप्टेंबरअखेर केंद्राने नियम आणला की तात्पुरत्या स्टेटसवाल्यांना ट्रकचं लायसन्स फक्त दोनतीन ठराविक व्हिसांवरच, ईएडीवर नाही. नोव्हेंबरात कोर्टाने त्याला स्थगिती दिली, तोपर्यंत कॅलिफोर्नियात सतरा हजार ड्रायव्हरांना लायसन्स रद्द होणार म्हणून नोटिसा गेल्या, तारखा जुळत नाहीत या कारणाने. त्यात पंजाबी पुष्कळ. पण त्यांनी काय केलं बघा. डिसेंबरमध्ये शीख कोअलिशन आणि एशियन लॉ कॉकस या संस्था ड्रायव्हरांच्या वतीने कोर्टात गेल्या. गुरुद्वारात लंगर चालतो तसं हेही चालतं, त्यांना दोन्ही कामं एकाच संस्थेची वाटतात. आपल्याकडे कुणी म्हणालं की लायसन्सवर एक मीटिंग घेऊ, तर पहिला प्रश्न येईल, हॉलचं भाडं कोण देणार.

बाबांना मी हे सगळं सांगितलं. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. १९७२ ला मुंबईला गिरणीत लागले, १९८२ चा संप झाला आणि दोनेक वर्षांत परत गावी आले. ते म्हणाले, "तुमचं मंडळ करतं काय मग?" म्हटलं गणपती करतं, दिवाळी करतं, नाटक आणतं. म्हणाले, ते ठीक, पण मंडळ करतं काय?

तुमच्यातले अर्धे लोक कोकणातले आहात, गावकीची खोली म्हणजे काय ते घरी ऐकलं असेल. लालबागला आमच्या गावाची एक खोली होती, दहा बाय बाराची, तीत तीस-पस्तीस माणसं, पाळीपाळीने झोपायची, कारण गिरणीच्या पाळ्याच तशा. भिंतीला खुंट्या, प्रत्येकाची एक, आणि ट्रंक. गावातून नवीन पोरगा आला की स्टेशनवर घ्यायला कुणी जायचं ते ठरलेलं. बदलीवर कुठल्या गिरणीत घेतील, कुठल्या जॉबरला (कामगार भरणाऱ्या मुकादमाला) भेटायचं, रेशनकार्डात नाव कसं घालायचं, आजारी पडला तर केईएमला कुणाची ओळख आहे, हे सगळं त्या खोलीत माहीत असायचं. हिशोबाची वही होती, बाबांनी दोन वर्षं लिहिली. गणपती-शिमग्याला गावी जायला गाडी ठरवायची तेव्हा आधी यादी व्हायची आणि यादीत वर कोण? ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत तो. त्याचं नाव मोठ्याने वाचायचे नाहीत, एवढंच. भजन पण व्हायचं, नाटक पण बसवायचे, डबलबारी तर विचारू नका. पण ते रात्री, कामं झाल्यावर.

हे ऐकून मला तुम्हाला पत्र लिहावंसं वाटलं.

आमच्या शेजारच्या मोहल्ल्यात एक चाचा आहेत, बावीस वर्षं कुवेतला एसी मेकॅनिक. आईला बघायला आले होते, येताना बोंबील घेऊन आले. माझी कहाणी ऐकून हसायलाच लागले. म्हणाले, तुला तीन महिने नव्हतं ना, मला बावीस वर्षं नव्हतं. त्यांच्या तिथे परदेशी माणसाला लायसन्स हवं तर पगार सहाशे दिनार, वर डिग्री, वर दोन वर्षं राहिलेला हवा, काही ठराविक कामांना सूट. घरचा ड्रायव्हर म्हणून गेलेल्याला मिळतं, मेकॅनिकला नाही. आणि ज्याला मिळालं त्याचंही अकाम्याला, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याला, टांगलेलं, अकामा गेला की लायसन्स गेलं. त्यांचा मुलगा दुबईला, त्याचं अजून मजेशीर, टुरिस्ट म्हणून गेला होता तेव्हा इंटरनॅशनल परमिटवर गाडी चालवली, नोकरी लागून रेसिडेन्स व्हिसा झाला तर म्हणाले आता ते चालणार नाही, इथल्या शाळेत शिका, परीक्षा द्या. पाहुणा होता तोवर ड्रायव्हर, राहायला गेला तर शिकाऊ! पण चाचा म्हणाले, आमच्यात कोकणातल्या पोरांची गाडी असायची, शुक्रवारी मशिदीला, बाजारात, एअरपोर्टला, ज्याच्याकडे लायसन आहे तो फिरवणार आणि बाकीचे पेट्रोल घालणार. हे त्यांना विशेष काही वाटतच नव्हतं, मीच डोळे मोठे करून ऐकत होते.

तर मंडळींनो, मागणं एवढंच की ही खोली पुन्हा उघडा. भिंती नकोत, यादी हवी. कुणाला गाडी हवी आणि कोण देऊ शकतं, याची एक यादी, कारण न विचारता. ग्रुपवर जाहीर नको, एका माणसाकडे असू दे, ज्याला फोन केला की पुढे काही विचारत नाही. आणि एक माणूस असा ज्याने आपल्या राज्याचा लायसन्सचा नियम वाचलाय. खरंच वाचलाय, कुणाच्या मेव्हण्याने सांगितलेला नाही. कारण राज्याराज्यात फरक आहे, जी पावती माझ्याकडून घेतली नाही तीच पावती बघून काही राज्यं तात्पुरती मुदत वाढवून देतात. कायदा केंद्राचा तोच, पण पावतीचं काय करायचं ते राज्याचं ऑफिस ठरवतं. माझ्या राज्यात नाही, तुमच्या राज्यात असेल, आणि मला ते चार महिने आधी कळलं असतं तर निदान मी रडत काउंटरवर गेले नसते.

आणि इथेच तुमचं खरं काम आहे. व्हिसाबद्दल मंडळ काही करू शकत नाही, वॉशिंग्टनला आपलं कोण ऐकतंय. पण लायसन्स राज्याचं असतं. राज्याचा आमदार म्हणजे तिकडे तुमच्या मुलाच्या सॉकरच्या मॅचला भेटणारा माणूस असतो. दिवाळीच्या प्रोग्रामला तुम्ही त्याला बोलावता, शाल देता, तो दिवा लावताना ‘नमसटे’ म्हणतो, फोटो होतो. त्याला त्याच वेळी एक कागद द्या ना. की पेंडिंग अर्जाच्या पावतीवर आठ महिन्यांची मुदत द्या, काही राज्यांत पावतीवर मुदत देतात. बऱ्याच ठिकाणी याला नवीन कायदासुद्धा लागत नाही, ऑफिसचं एक परिपत्रक पुरतं.

मला माहितीये लगेच काय येणार. आपलं मंडळ ५०१ सी ३, म्हणजे टॅक्समधून सूट मिळालेली संस्था, आहे, आपण राजकारणात पडत नाही. मी पण कमिटीवर होते एक वर्ष, मलाही हेच सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. पण ते अर्धंच खरं आहे. उमेदवाराचा प्रचार करायचा नाही, ते बरोबर. एखाद्या नियमाबद्दल आमदाराला सांगणं, मर्यादेत राहून, त्याला ५०१ सी ३ संस्थेला बंदी नाही. तुमच्या मंडळात दोन तरी वकील असतील, विचारा त्यांना, नाटकाच्या इंटरव्हलमध्ये विचारलं तरी चालेल.

नवीन येणाऱ्या पोरांना पण सांगा. संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटता, त्यात एक चिठ्ठी घाला. की पासपोर्ट संपायला आला असेल तर आधी तो रिन्यू करा, कारण एअरपोर्टवरचा ऑफिसर आय-९४ ची तारीख पासपोर्टच्या तारखेपर्यंतच कापतो आणि मग लायसन्सही तिथेच कापलं जातं, व्हिसा पुढे दोन वर्षं असला तरी. आमच्या एका ओळखीच्याचं असंच झालं, त्याला कळलं कधी, तर भाड्याची गाडी घ्यायला काउंटरवर उभा होता तेव्हा. मी या खेपेला पहिलं काम तेच केलं, पासपोर्ट इथूनच नवीन करून घेतला.

माझं पुढे काय झालं ते राहिलंच. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अप्रूव्हल आलं, नवीन आय-९४ ऑगस्ट २०२८ पर्यंत, आठवड्यात लायसन्स मिळालं, त्याच बाईच्या काउंटरवर, नेलपॉलिश आता लाल. सगळे मिळून शंभराच्या आसपास दिवस पायी काढले. लायसन्स हातात आल्यावर बारा दिवस गाडी चालवली आणि आईचा फोन आला.

आता इकडे उलटं. अमेरिकन लायसन्स पर्समध्ये आहे पण नुसत्या त्याच्यावर इथे गाडी चालवायची नाही, इंटरनॅशनल परमिट लागतं, ते तिथूनच काढून आणायला हवं होतं आणि घाईत कुणाला सुचतं? इंडियाचं कधी काढलंच नव्हतं, कॉलेजला असताना बाबांच्या स्कूटरवर मागे बसायचे. मग आधारवरून घरबसल्या परीक्षा देऊन लर्निंग काढलं, पक्क्या परीक्षेला तीस दिवस थांबायचं असतं. एकोणचाळिसाव्या वर्षी बाबांच्या वॅगन-आरला पुढे-मागे लाल ‘एल’ लावून आईला फिजिओकडे नेते, शेजारी माझा चुलतभाऊ, वय बावीस, लायसन्सवाला, आणि तो मला सांगतो, "ताई, हॉर्न दे, हॉर्न दे, हितं हॉर्न द्यावाच लागतो." हायवेवर सत्तरच्या स्पीडने दहा वर्षं चालवलेली मी, आसूदच्या वळणावर समोरून एसटी आली की गाडी बंद पाडते.

पालखी परवा येतेय दारात. मुंबईच्या मंडळाची गाडी उद्या पहाटे पोचेल, कशेडीच्या बोगद्यामुळे आता लवकर येतात. यादी बाबांच्या टेबलावर आहे, बेचाळीस नावं, दोघांपुढे बारीक टिंब आहे. टिंब म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

तुमची यादी सुरू कराल तेव्हा देणाऱ्यांच्या बाजूला माझं नाव पहिलं लिहा. मेमध्ये व्हिसा मिळाला तर जूनपासून मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळ, शनिवारी सकाळी पण जमेल, गाडी सात सीटर आहे, मागे मोदकपात्र मावतं. लायसन्स २०२८ पर्यंत आहे.

आपली,
वर्गणी भरलेली एक सभासद
सध्या मुक्काम दापोली तालुका, जिल्हा रत्नागिरी